निकव्हॅक्स: सिगारेट सोडवणाऱ्या लशीच्या ट्रायलमध्ये वर्षभर होतो, त्याचा रिव्ह्यू

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला वहिनीचा फोन आला. चुलत भावाची बायको, पुण्यात असतात, एवढ्या उशिरा कधी करत नाहीत म्हणून काळजात धस्स झालं. पहिलंच वाक्य, "भाऊजी, तुम्ही अमेरिकेत ती व्यसनाची लस घेतली होती ना, ती इकडे कुठे मिळते हो?" पुतण्या २२ वर्षांचा आहे, एमडीच्या (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) नादाला लागलाय, वर्ष होऊन गेलं, घरात आत्ता कळलं. आणि कुणीतरी त्यांना एक ठिकाण सांगितलंय जिथे म्हणे "लस" देतात, ३ इंजेक्शनं, ४८ हजार, पैसे आधी, पोरगा परत त्या वस्तूचं नाव काढणार नाही अशी गॅरंटी.

त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतो कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. ही वस्तू बाजारात कधी आलीच नाही, पण तिच्या टेस्टिंगमध्ये मी एक वर्ष होतो, ६ इंजेक्शनं दंडात घेतली, नळ्या भरभरून रक्त दिलं, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा थोडाफार हक्क आहे असं मला वाटतं.

आधी उत्तर, घाईत असाल तर एवढंच वाचा. तंबाखू, दारू, ब्राउन शुगर, कोकेन, एमडी, कशावरही मंजूर झालेली लस आज विकत मिळत नाही, भारतात नाही, अमेरिकेत नाही, कुठेच नाही. कुणी देतो म्हणाला तर तो लस देत नाहीये. पैसे देऊ नका.

आता माझी गोष्ट. जानेवारी २०१०, ओहायो. इंजिनिअरिंगला सांगलीला होतो तेव्हापासून सिगारेट, ३४ व्या वर्षी दिवसाला एक अख्खं पाकीट. ऑफिसच्या मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं राहून ओढायची, घोट्यापर्यंत बर्फ, लायटर पेटवायला हातमोजा काढावा लागायचा आणि तेवढ्यात बोटं बधिर व्हायची, तरी दर तासाला बाहेर. मुलगी ४ वर्षांची होती, मी आत आलो की ती माझ्या जॅकेटला नाक लावून मग तोंड फिरवायची, बोलायची काही नाही. च्युइंगम करून झालं, इच्छाशक्ती करून झाली, दोन गणपतींना शपथ घेऊन झाली. अशात रेडिओवर ऐकलं की सिगारेट सोडवणाऱ्या लशीच्या चाचणीला माणसं हवी आहेत.

लशीचं नाव निकव्हॅक्स, मेरीलँडमधल्या रॉकव्हिलची नाबी बायोफार्मास्युटिकल्स म्हणून कंपनी. ही तिसऱ्या म्हणजे मंजुरीआधीच्या शेवटच्या मोठ्या टप्प्याची ट्रायल, साधारण १००० माणसं, अशा दोन ट्रायल होत्या. अमेरिकन सरकारच्या नायडा संस्थेने म्हणजे जी नशेवरचं संशोधन बघते तिने १ कोटी डॉलर दिले होते आणि ग्लॅक्सोसारखी मोठी कंपनी करार करून बसली होती. थोडक्यात सगळ्यांना वाटत होतं की हे होणार. अर्ध्या लोकांना खरी लस, अर्ध्यांना खोटी (दिसायला तशीच, आत लस नाही), कुणाला कुठली ते मलाही माहीत नाही, सुई टोचणाऱ्या नर्सलाही नाही. ज्या क्लिनिकमध्ये जायचो त्याचं नाव लिहीत नाही, गरज नाही.

पहिल्या दिवशी सुई नाहीच. दोन तास नुसते कागद. एक डॉक्टर समोर बसून पान पान समजावत होता, मध्येच थांबून "तुमच्या शब्दात सांगा काय कळलं" असं विचारायचा. मला आपल्याकडची सवय, सही कुठे करायची ते दाखवा नि मोकळं करा, पण तो सोडेना. आज वाटतं बरं केलं, कारण ही लस कशी चालते ते मला तिथे कळलं आणि अजून लक्षात आहे.

निकोटीनचा कण इतका बारीक असतो की आपल्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना तो दिसतच नाही. गोवर, पोलिओचे विषाणू त्याच्या मानाने डोंगराएवढे. म्हणून मग निकोटीनसारखा दिसणारा कण एका मोठ्या प्रोटीनला चिकटवतात, निकव्हॅक्समध्ये ते सूडोमोनास नावाच्या जिवाणूचं होतं, विषारीपणा काढून टाकलेलं. ते टोचलं की शरीर त्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि सोबत निकोटीनविरुद्धही बनवतं. मग तुम्ही झुरका घेतला, निकोटीन रक्तात आलं की अँटिबॉडी त्याला धरून बसते. मेंदूच्या दाराशी एक बारीक चाळणी असते, पीठ कसं चाळणीतून भुरुभुरु खाली पडतं पण पाणी लागून गोळा झाला की वरच राहतो, तसं अँटिबॉडीला चिकटलेलं निकोटीन मेंदूबाहेर अडकतं. एरवी झुरका घेतल्यापासून १०-२० सेकंदात निकोटीन मेंदूत पोचतं, ती जी पहिली कीक असते ती हीच. कीक बंद झाली की सिगारेट म्हणजे नुसता धूर, मग माणूस कशाला ओढेल, असा सगळा हिशोब.

ऐकायला इतकं चोख की मी घरी येऊन बायकोला म्हटलं झालं, सुटलो.

पण अँटिबॉडी पुरेशा जमायला तीन-तीन महिने जातात. म्हणून ६ डोस, ६ महिन्यांत. आणि सिगारेट सोडायची तारीख पहिल्या दिवशी नाही, चौथ्या डोसनंतर. तोपर्यंत ओढत राहायचं. आपल्याकडे लोक "एक इंजेक्शन" म्हणतात ना, त्यांना मला हेच सांगायचं असतं की खऱ्या लशीतही असं काही नव्हतं.

दर भेटीला एक छोटं मशीन असायचं, त्यात फुंकायचं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायला. श्वास आत घेऊन १५ सेकंद धरायचा, मग पुठ्ठ्याच्या नळीतून हळूहळू सोडायचा. पहिल्यांदा आकडा आला २४. न ओढणाऱ्याचा दोन-तीन येतो. पन्नाशीची नर्स होती, ती काही बोलली नाही, आकडा लिहिला आणि विचारलं, दिवसातली कुठली सिगारेट सोडणं तुला सगळ्यात अवघड जाईल? मी म्हटलं सकाळच्या चहाबरोबरची. मग आम्ही वीस मिनिटं फक्त त्या एका सिगारेटवर बोललो, चहा कुठे पितो, कुठल्या कपात, खिडकी कुठे आहे, आधी चहा की आधी लायटर. पुढच्या वेळी ऑफिसमागचे कचऱ्याचे डबे. त्याच्या पुढच्या वेळी भांडण झाल्यावरची. आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं, सगळ्यांनी सोड सोड एवढंच सांगितलेलं, कॅन्सरचे फोटो दाखवलेले.

सुईचं म्हणाल तर दंड दोन दिवस ठणकायचा, थोडी कणकण, विशेष काही नाही. चौथा डोस झाला आणि आठवड्याभरात सिगारेट मला पाणचट लागायला लागली. खरंच सांगतो, एकदम बेचव, ओढतोय पण पोचत नाहीये असं. मी खात्रीने सांगायचो सगळ्यांना की मला खरी लस मिळालीये. सोडायच्या तारखेला सोडली. तलफ यायची, भयंकर यायची, पण मनात एकच, ओढून उपयोग नाही, आत जाणारच नाही. पुढच्या भेटीला आकडा ३ आला. नर्सने मशीन माझ्याकडे फिरवून दाखवलं, मी त्या आकड्याचा फोटो काढून बायकोला पाठवला.

११ आठवडे टिकलो.

मग वडिलांना अटॅक आला आणि मी मिरजेला आलो. हॉस्पिटलच्या समोर टपरी, टपरीच्या खांबाला धुमसत असलेली सुतळी बांधलेली, लोक सिगारेट घेतात, वाकून सुतळीवर पेटवतात आणि जातात. चार दिवस मी त्या सुतळीकडे बघत बघत आत-बाहेर केलं. पाचव्या दिवशी बायपासचा निर्णय झाला, सही मी केली, खाली आलो आणि वाकलो. लस, अँटिबॉडी, चाळणी, काही आठवलं नाही. आणि मला ती सिगारेट पाणचट लागली नाही. ओहायोला परत गेलो तेव्हा आकडा १९. (वडील बरे झाले, पुढे ७ वर्षं होते.)

उरलेल्या सगळ्या भेटी मी दिल्या, एकही चुकवली नाही. नर्सने एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

जुलै २०११ मध्ये बातमी आली की ट्रायल फेल. खरी लस घेतलेल्यांत साधारण ११ टक्के लोकांची सिगारेट सुटली आणि खोटी घेतलेल्यांत पण साधारण ११ टक्के. फरक शून्य. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ट्रायलचंही तेच. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आणि मला कळवण्यात आलं की मी खोट्या लशीच्या गटात होतो.

ते वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. म्हणजे पाणचट लागणं, ११ आठवडे, तो ३ आकडा, हे सगळं माझं मी केलं होतं. मी आणि ती नर्स आणि ते चहाच्या कपाबद्दलचं बोलणं. दंडात लस नव्हतीच. लोकांना वाटतं मी फसलो गेलो, वहिनीलाही तसंच वाटलं, पण मला उलट तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझी सुटू शकते.

लस का फसली हे नंतर खूप वाचलं. आधीच्या टप्प्यात ३०१ लोकांवर चाचणी झाली होती, त्यात ज्यांच्या अँटिबॉडी सगळ्यात जास्त वाढल्या त्या वरच्या ३० टक्के लोकांत सिगारेट सुटण्याचं प्रमाण २४.६ टक्के होतं आणि खोट्या लशीत १२. म्हणजे दुप्पट. त्यावरच सगळी आशा होती. अडचण ही की सगळ्यांना सारखाच डोस दिला तरी कुणाच्या अँटिबॉडी भरपूर होतात, कुणाच्या नावापुरत्या, आणि कुणाच्या होतील ते आधी सांगता येत नाही. नंतर येल विद्यापीठात मेंदूचे स्कॅन काढून बघितलं तर लशीने मेंदूतलं निकोटीन अडवलं जात होतं पण जेमतेम साडेबारा टक्के. बाकीचं आत जातच होतं. आणि मूळ गोष्ट, लस तलफेला हातच लावत नाही. ती फक्त मिळणारी मजा कमी करते. तलफ कपात असते, सुतळीत असते, बापाच्या ऑपरेशनच्या कागदात असते, तिथे अँटिबॉडी काय करणार.

कोकेनच्या लशीत हे अजून वाईट पद्धतीने दिसलं. टीए-सीडी तिचं नाव, येलला आणि नंतर ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमध्ये डॉ. थॉमस कोस्टन यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००९ मध्ये ११५ लोकांवरचे निष्कर्ष आले, फक्त ३८ टक्के लोकांत अँटिबॉडी पुरेशा वाढल्या, त्या लोकांचं कोकेन कमी झालं हे खरं, पण काहींनी काय केलं, नशा चढत नाही म्हणून जास्त ओढलं, संशोधकांनी आधी कधी बघितलं नव्हतं त्याच्या १० पट कोकेन अंगात सापडलं. अँटिबॉडी म्हणजे बसच्या सीटांसारख्या आहेत, सीटा भरल्या की बाकीचे उभ्याने आत शिरतातच. काही जण त्या नादात कफल्लक झाले. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला कारण मलाही ती इच्छा झाली होती, पाणचट लागतेय तर अजून एक ओढून बघू.

आणि दुसरी गोष्ट, लस एकाच रेणूवर चालते. हे तर १९७४ पासून माहीत आहे, शिकागोला एका माकडावर प्रयोग झाला होता, त्याला हेरॉइन आणि कोकेन दोन्ही स्वतःचं स्वतः घ्यायची सवय लावलेली, मॉर्फिनविरुद्ध लस दिल्यावर (हेरॉइनचं अंगात गेल्यावर मॉर्फिनच होतं) त्याने हेरॉइन कमी केलं, कोकेन मात्र तसंच चालू. वहिनीला मी हेच सांगितलं की ब्राझीलच्या लशीची बातमी तुम्हाला कुणीतरी पाठवली असेल, कॅलिक्सकोका, मिनास जेराईसच्या विद्यापीठात डॉ. फ्रेडेरिको गार्सिया यांची टीम करतेय, २०२३ मध्ये त्यांना ५ लाख युरोचं बक्षीस मिळालं, काम खरं आहे, माणसं खरी आहेत, पण ती कोकेन आणि क्रॅकसाठी (ओढायचं कोकेन) आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, वेगळाच रेणू. उद्या ती लस बाजारात आली तरी आपल्या पोराच्या उपयोगाची नाही.

मग हे संशोधन फुकट आहे का? अजिबात नाही, मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. फेंटानिल नावाच्या फार जालीम वेदनाशामकाचं बघा. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक मृत्यूंत फेंटानिलसारखी औषधं होती, एवढंसं पोटात गेलं तरी श्वास थांबतो, कित्येकांना तर आपल्या गोळीत ते मिसळलंय हेही माहीत नसतं. ह्यूस्टन विद्यापीठात डॉ. कॉलिन हेल यांच्या टीमने उंदरांवर लस वापरून दाखवलं की फेंटानिल मेंदूत जाण्यापासून अडवता येतं, मॉर्फिनवर परिणाम न होता, म्हणजे उद्या ऑपरेशन झालं तर वेदना कमी करायला दुसरं औषध चालेल. तिथे लशीचं काम व्यसन सोडवणं नाही, माणूस त्या रात्री जिवंत ठेवणं आहे. सोडायचं ते नंतर, पण जिवंत असेल तर सोडेल ना. लस अशी वापरावी असं माझं स्पष्ट मत आहे, गाडीच्या सीटबेल्टसारखी.

आता मार्क द्यायचे तर लशीला ५ पैकी २, तेही कल्पनेला. ट्रायलला मात्र ५ पैकी ५. कागद समजावले, खोटं बोलले नाहीत, हरल्यावर हरलो म्हणून जाहीर सांगितलं. आणि त्या नर्सला मार्क देण्याची माझी लायकी नाही. ट्रायल संपली की त्या भेटी संपतात, हे पहिल्या दिवशीच कागदावर होतं, तक्रार नाही, पण संपल्यावर मला पोरकं वाटलं हे खरं.

माझी शेवटी २०१३ मध्ये सुटली. दंडावर निकोटीनचा पॅच, अगदीच जीव वर-खाली झाला तर २ एमजीचं निकोटीनचं च्युइंगम (आधीही च्युइंगम केलं होतं पण चघळत सुटायचो, ते चावून मग गालात दाबून ठेवायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं), आणि आठवड्याला एक फोन, तिकडच्या सरकारी क्विटलाइनवरच्या म्हणजे सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या फोनवरच्या समुपदेशकाला. नर्सशी झालेलं ते चहाच्या कपाचं बोलणं एका वहीत लिहून ठेवलं होतं, ती मी परत काढली होती. कप बदलला, खिडकी बदलली, चहाच्या आधी अंघोळ करायला लागलो.

२०१७ ला भारतात परत आलो तर इथे वेगळंच. आपल्याकडे धूर काढणारे कमी, मळणारे आणि मिसरीवाले जास्त. २०१६-१७ च्या सर्व्हेत महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यातले बहुतेक चघळणारे किंवा लावणारे. गुटखा २०१२ पासून बंद आहे राज्यात, कुणाला मिळत नाही असं नाही. माझी मावशी ६० वर्षं मिसरी लावते, तिला व्यसन म्हटलं की राग येतो, दात घासते म्हणते. निकोटीन तेच. तंबाखूसाठी सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, फुकट, २०१६ पासून चालू आहे, पुडीवर छापलेलाच असतो पण पुडी फाडताना आपण नेमका तोच भाग फाडतो. मावशीला मी स्वतः लावून दिला, मराठीत बोलले, पहिला प्रश्न काय विचारला माहितीये, दिवसातली कुठली मिसरी सोडणं सगळ्यात अवघड वाटतं? मी बाजूला बसून ऐकत होतो, डोळ्यात पाणी आलं. मावशी म्हणाली दुपारची, झोपून उठल्यावरची. ती आता दिवसातून ५ वेळाची दोनवर आली आहे.

एक गोंधळ अजून दूर करतो, महिन्याला एक असं नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन असतं, अमेरिकेत २००६ ला दारूसाठी आणि २०१० ला अफू-हेरॉइन प्रकारच्या व्यसनासाठी मंजूर झालं, ते औषध आहे, लस नाही, महिन्याने उतरतं, आणि डॉक्टरने आधी तपासून मगच द्यायचं असतं कारण अंगात ब्राउन शुगर असताना दिलं तर माणूस फार वाईट अवस्थेत जातो. कुणी "व्यसनाचं इंजेक्शन" म्हणालं तर औषधाचं नाव विचारा, बिलावर लिहून मागा. वहिनीने त्या ४८ हजारवाल्यांना फोन करून नाव विचारलं. "ते आमचं सिक्रेट आहे" म्हणाले. तिथेच विषय संपला.

एमडीवर थेट चालेल अशी गोळी नाही. डॉक्टर झोप, भीती, उदासपणा सांभाळतात आणि बाकी सगळं बोलणं, महिनोन्महिने. १४४४६ हा नशेसाठीचा सरकारी नंबर आहे, तिथे वहिनीने दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, मग पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच, डॉ. अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ ला सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत दिली होती ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे चौकशी करून आले दोघं. पोरगा आधी यायला तयार नव्हता. शनिवारी मी त्याला फिरायला नेलं, कात्रजच्या बाजूला, व्यसनाबद्दल अवाक्षर काढलं नाही, माझं ते मिरजेच्या टपरीचं सांगितलं, सुतळीचं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मला रात्री २ ते ४ सगळ्यात अवघड जातं."

सध्या दादा त्या वेळेला जागा असतो. दोघं पत्ते खेळतात.